घर दुरुस्त झालं, पण परसात पाणी कोण घालणार?

कोकणातल्या कुठल्याही वाडीत गेलं की एक तरी मोठं घर बंद दिसतं. चिऱ्याच्या भिंती, लाकडी खांबांची पडवी, कौलांवर शेवाळ. मालक कुठे, विचारलं तर उत्तर ठरलेलं: चावी बोरिवलीला आहे, नाहीतर मुलुंडला. गणपतीत आणि मे महिन्यात घर उघडतं, दहा-पंधरा दिवस चूल पेटते आणि परत कुलूप.

अशा घरांपैकी काही घरं नुसती जुनी नाहीत. कुणी समाजसुधारक, कवी, स्वातंत्र्यसैनिक किंवा शिक्षक तिथे जन्मला, राहिला. अशी घरं दुरुस्त करायला आता पैसा येऊ लागला आहे. जिल्हा वार्षिक योजनेतून गड-किल्ले, मंदिरं आणि संरक्षित स्मारकं यांच्या जतनासाठी तीन टक्क्यांपर्यंत निधी ठेवायची तरतूद राज्यात झाली आहे. शिवाय आमदार निधी, पर्यटनाचा निधी आणि मुंबईकर मंडळाची वर्गणी असते. वासे बदलतात, कौलं चढतात, फलक लागतो, फीत कापली जाते.

त्यानंतर काय होतं, हे कुणी फारसं विचारत नाही. घराच्या मागे दहा-वीस गुंठे परस असतो, विहीर असते, न्हाणीच्या पाण्यावरची केळ असते. अंदाजपत्रकात या जागेसाठी बहुतेक वेळा एकच ओळ असते: परिसर सुशोभीकरण. म्हणजे पेव्हर ब्लॉक, थोडी लॉन, चार शोभेची झाडं आणि एक लोखंडी गेट. पहिल्या उन्हाळ्यात लॉन जळते, दुसऱ्या पावसात ब्लॉकच्या फटीतून रान येतं. तिसऱ्या वर्षी घर नवीन दिसतं आणि आवार ओसाड.

याला दुसरा मार्ग आहे, तो म्हणजे त्या परसात गावाची बाग लावायची. पण ही बाग रोपांवर टिकत नाही. पाणी कोण घालणार, निघालेलं कुणाला मिळणार आणि चावी कुणाकडे राहणार, हे आधी ठरलं तरच ती टिकते.

मालगुंडचं घर

जिल्ह्याबाहेरच्यांनाही माहीत असलेलं उदाहरण रत्नागिरी तालुक्यातलं आहे. गणपतीपुळ्याच्या शेजारी मालगुंड. आधुनिक मराठी कवितेचे जनक म्हणून ज्यांचं नाव घेतलं जातं त्या केशवसुतांचं, म्हणजे कृष्णाजी केशव दामले यांचं हे गाव. १८६६ चा त्यांचा जन्म. पुढे शिक्षकाची नोकरी करत गावोगाव फिरले आणि १९०५ साली हुबळीला प्लेगने गेले.

त्यांचं मालगुंडचं घर आज उभं आहे, ते कोकण मराठी साहित्य परिषदेमुळे. ज्येष्ठ लेखक मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने १९९१ साली ही संस्था सुरू झाली आणि तीनच वर्षांत, ८ मे १९९४ रोजी, कुसुमाग्रजांच्या हस्ते केशवसुत स्मारकाचं उद्घाटन झालं. जुनं घर कोकणी पद्धतीचंच ठेवलं. आवारात बाग केली आणि त्या बागेत दगडी शिळांवर कविता कोरून बसवल्या. शेजारी वाचनालय आलं, कवींचं दालन आलं. गणपतीपुळ्याला आलेला माणूस वाट वाकडी करून इथे येतो.

इथे बघण्यासारखी गोष्ट पैशाची नाही. स्मारक बांधणारे आणि नंतर सांभाळणारे एकच आहेत, ही आहे. ठेकेदार बिल घेऊन गेला आणि आवार पोरकं झालं, असं तिथे झालं नाही. वाचनालयात रोज माणूस येतो म्हणून गेट रोज उघडतं. गेट रोज उघडतं म्हणून बागेकडे लक्ष जातं.

मालगुंडची बाग ही बघण्याची आणि वाचण्याची बाग आहे. भाजीपाल्याची गावबाग करायची तर आणखी दोन पावलं पुढे जावं लागेल. पण पहिलं पाऊल हेच, घर आणि परस एकाच्या जबाबदारीवर असणं.

बागवानांच्या घराला हौद आधी

दुसरं घर पुण्याचं, गंज पेठेतलं. महात्मा जोतीराव फुले यांचा वाडा. फुले घराणं मूळ सातारा जिल्ह्यातल्या खटाव तालुक्यातल्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे. पुण्यात पेशव्यांना फुलं पुरवायचा धंदा म्हणून फुले हे नाव पडलं. म्हणजे हे मुळात बागवानाचंच घर. जोतीरावांनी स्वतः मांजरीला बागाईत केली आणि १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहून पूर्ण केला. त्यात बांधबंदिस्ती, तळी-तलाव, पावसाचं पाणी शिवारात मुरवणं याबद्दल त्यांनी जे मांडलं, ते आजच्या जलसंधारणाच्या बैठकीत वाचून दाखवलं तरी जुनं वाटणार नाही.

वाडा आज संरक्षित स्मारक आहे. मागे तुळशी वृंदावन आहे आणि त्यात जोतीरावांच्या अस्थी आहेत. पण या घराची सगळ्यात मोठी गोष्ट पाण्याची आहे. १८६८ साली त्यांनी आपल्या घरातला पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांना खुला केला. घर कुणाचं हे तेव्हा सातबाऱ्यावर नाही, हौदावर ठरलं.

आजच्या गावबागेला हीच कसोटी लावावी लागेल. वाडीतल्या सगळ्यांना त्या विहिरीवर यायला मोकळीक आहे का? बौद्धवाडीतली, कातकरी वस्तीतली बाई त्या परसात वाफा घेऊ शकते का? उत्तर नाही असेल तर ती गावाची बाग नव्हे, काही घरांची बाग.

उपनगरांत काय झालं

गावातल्या घराची चावी ज्या मुंबई उपनगरात आहे, तिथेही मोकळ्या जागेवर बाग कुणाची, हा वाद जुना आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर इथली मैदानं आणि उद्यानं सांभाळायला माणसं कमी पडतात, म्हणून मुंबई महापालिकेने ती संस्थांना दत्तक किंवा काळजीवाहू तत्त्वावर द्यायचं धोरण आणलं. कागदावर कल्पना चांगली होती. स्थानिकांनी सांभाळायचं, पालिकेचा खर्च वाचायचा.

प्रत्यक्षात काही रहिवासी संघटनांनी जागा खरोखर छान राखल्या. पण काही भूखंडांवर क्लब आणि जिमखाने उभे राहिले, आत जायला सभासद व्हावं लागू लागलं. वेगवेगळ्या पक्षांच्या पुढाऱ्यांशी संबंधित संस्थांकडे जागा गेल्याचे आरोप झाले. जानेवारी २०१६ मध्ये सभागृहाने नवं दत्तक धोरण मंजूर केलं, तेव्हा नागरिक रस्त्यावर आले आणि मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी त्याला स्थगिती दिली. दिलेल्या जागा परत घ्यायला सुरुवात झाली. २०२३ मध्ये पुन्हा नवा मसुदा आला आणि तोच वाद पुन्हा सुरू झाला.

गावासाठी यातला धडा सरळ आहे. सांभाळायला दिलेली जागा आणि मालकीची जागा यातली रेघ कागदावर जाड हवी. किती वर्षांसाठी दिली, आत काय बांधता येणार नाही, वर्षाचा हिशेब कुणापुढे ठेवायचा आणि काढून कोण घेऊ शकतो, या चार गोष्टी करारात नसतील तर आज बाग, उद्या शेड आणि परवा लग्नाचा हॉल व्हायला वेळ लागत नाही.

दुसरा धडा रुळाच्या कडेचा. लोकलने घाटकोपर-मुलुंड किंवा अंधेरी-बोरिवली प्रवास केलेल्या प्रत्येकाने रुळाशेजारी पालक, माठ, मुळा, भेंडीचे वाफे पाहिलेले आहेत. रेल्वेने 'अधिक धान्य पिकवा' या योजनेत आपल्या कर्मचाऱ्यांना मोकळी जमीन भाजीसाठी दिली, त्यातून हे मळे आले. मोकळी जागा वापरात आली, अतिक्रमण टळलं. पण स्वच्छ पाण्याची सोय नव्हती आणि नाल्याच्या पाण्यावर भाजी पिकते अशा तक्रारी वर्षानुवर्षं होत राहिल्या. जागा आधी दिली आणि पाण्याचा विचार नंतर, तर काय होतं ते इथे दिसतं.

गच्चीवरची बाग का चालली

मुंबईतच एक उलटं उदाहरण आहे. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या मध्यवर्ती उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी तिथल्या कर्मचाऱ्यांना घेऊन २००२ च्या सुमारास भाजी आणि फळझाडं लावायला सुरुवात केली. जमीन नव्हती, नुसता स्लॅब. माती कुठून आणणार? तर उपाहारगृहाचा रोजचा ओला कचरा कुजवून तीच माती केली.

ही पद्धत शहरातून आलेली नाही. कोल्हापूरचे श्रीपाद अच्युत दाभोलकर यांनी 'प्रयोग परिवार' उभा करून थोड्या जागेत, घरच्या पालापाचोळ्यावर आणि मोजक्या पाण्यावर शेती कशी होते, हे शेतकऱ्यांबरोबर करून दाखवलं. त्या विचारातून हे आलं. गावचं ज्ञान मुंबईच्या गच्चीवर गेलं आणि गावात मात्र परसात पेव्हर ब्लॉक बसवायचं काम चाललं आहे.

ती बाग चालली याचं कारण साधं आहे. खताला लागणारा कचरा तिथेच निघत होता. पाणी घालणारे हात रोज तिथेच कामाला येत होते. आणि पिकलेलं खाणारेही जवळच होते. खत, हात आणि खाणारं तोंड या तिन्ही गोष्टी एका ठिकाणी असल्या की बाग चालते. यातली एक जरी दूर गेली तरी बाग वर्षभरात बसते.

स्मारकाच्या घराला हेच लावून बघावं. घरात नुसते फोटो आणि काचेची कपाटं असतील तर तिथे हात नाहीत आणि तोंडही नाही. तिथेच अंगणवाडी, वाचनालय किंवा बचत गटाची खोली असेल, नाहीतर शेजारी झेडपीची शाळा असेल, तर सगळं जमून येतं. शाळेत पोषण आहार शिजतो, त्याला भाजी लागते. शाळांनी परसबाग लावावी असं शासनच सांगतं आणि 'उमेद' अभियानातून बचत गटांच्या बायकांनाही पोषण परसबागा लावायला सांगितलं जातं. शाळेला जागा नाही, स्मारकाला माणसं नाहीत. या दोन अडचणी एकत्र केल्या तर दोन्ही सुटू शकतात.

पाण्याचा हिशेब आधी मांडावा

भावनेवर बाग लागते, पण टिकते हिशेबावर. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट, सुमारे १०० चौरस मीटर. वाटा आणि मधली जागा सोडली तर निम्म्या जागेत, म्हणजे ५० चौरस मीटरवर वाफे येतात. मार्च ते मे या काळात भाजीला चौरस मीटरला दिवसाला चार-पाच लिटर पाणी धरावं लागतं. म्हणजे गुंठ्याला रोज २०० ते २५० लिटर. पंधरा लिटरच्या बादलीने मोजलं तर चौदा ते सतरा बादल्या. रोज, रविवारीसुद्धा.

आता वर बघा. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. हजार चौरस फुटांच्या छपरावर एका पावसाळ्यात अडीच लाख लिटरहून जास्त पाणी पडतं. दुरुस्तीत नवीन कौलं चढवताना पन्हळ लावली आणि ते पाणी गाळून विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडलं, तर एप्रिलमध्ये विहिरीला त्याची मदत होते. सगळं पाणी विहिरीत टिकत नाही, जांभा ते सोडून देतो, पण काहीच न करण्यापेक्षा फरक पडतो. पन्हळीचा खर्च छपराच्या कामातच धरला तर थोडक्यात होतो. नंतर करायचा म्हटलं की वेगळा ठराव, वेगळी निविदा.

विहिरीचा गाळही दुरुस्तीच्याच कामात काढून घ्यावा. न्हाणी आणि हात धुण्याचं पाणी केळ, अळू, नारळाला सोडावं. पालेभाजीला मात्र ते नको.

भिंत सांभाळून वाफा

जुन्या घराजवळ बाग करताना एक चूक नेहमी होते. घर सुंदर दिसावं म्हणून भिंतीला लागूनच वाफे काढतात. चिरा आणि मातीची भिंत पाणी शोषते. पायाला रोज ओल लागली की भिंतीला शेवाळ धरतं, चुन्याचा गिलावा फुगतो, लाकडी चौकटीला वाळवी येते. मग कुणीतरी सिमेंटचा गिलावा सुचवतो. त्याने ओल आत कोंडते आणि भिंत आणखी लवकर खराब होते.

म्हणून भिंतीपासून निदान तीन-चार फूट पट्टा कोरडा ठेवावा आणि जमिनीचा उतार घरापासून बाहेर जाईल असा काढावा. वड, पिंपळ, उंबर यांची रोपं कौलात किंवा भिंतीच्या फटीत दिसली की लहान असतानाच काढावीत. आंबा, फणस, कोकम गडग्याच्या बाजूला. मधल्या जागेत मांडव करून पडवळ, दोडका, कारलं. सावलीत अळू, हळद, आलं. घराच्या पुढच्या बाजूला जास्वंद, अनंत, तगर, प्राजक्त, अबोली. ही झाडं कोकणात कुणी शिकवायला लागत नाही, वाडीतल्या म्हाताऱ्या बायकांना विचारलं तर कुठल्या परसात काय होतं तेही सांगतील.

घर राज्य संरक्षित स्मारक असेल तर आवारात खोदकाम करायच्या आधी पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाची परवानगी लागते. ती मिळेपर्यंत खड्डे न काढता चिरे रचून उंच वाफे करायचे की कुंड्या ठेवायच्या, हेही त्यांनाच विचारून ठरवावं. कुदळ आधी आणि परवानगी नंतर, असं केलं तर चांगल्या कामाला नोटीस लागते.

भाऊबंदकीचा कागद

खाजगी घर असेल तर खरी अडचण वेगळीच. सातबाऱ्यावर दहा-बारा नावं, त्यातली निम्मी उपनगरात आणि दोन-चार वारलेली, वारस नोंद झालेली नाही. एका चुलत्याने तोंडी हो म्हटलं म्हणून बाग लावली आणि दुसऱ्या पुतण्याने पुढच्या गणपतीत येऊन वई तोडली, हे कोकणात कुणालाही नवीन नाही.

म्हणून गोड बोलण्यावर काम करू नये. सगळ्या हिस्सेदारांच्या सह्यांचा करार, ठरावीक वर्षांसाठी, मालकी तशीच राहील असं स्पष्ट लिहून, ग्रामपंचायतीला किंवा नोंदणीकृत संस्थेला परस वापरायला द्यायचा. तालुक्याच्या वकिलाकडून तो तपासून घ्यावा. चाकरमान्यांची भीतीही समजून घ्यायला हवी. जागा एकदा दिली की परत मिळणार नाही, ही त्यांची धास्ती आहे, आणि शहरात भूखंडांचं काय झालं ते त्यांनी जवळून पाहिलंय. मुदत आणि मालकी लिहून दिली तर त्यातले बरेच जण तयार होतील. बंद घराभोवतीचं रान दरवर्षी मजुरी देऊन काढण्यापेक्षा त्यांनाही ते परवडतं.

विरोध होणार, तो ऐकावा

पहिला आक्षेप माकडांचा. वानर आणि माकडं बाग ठेवत नाहीत, हे खोटं नाही. त्यावर शंभर टक्के इलाज कुणाकडे नाही. पण हळद, आलं, सुरण, अळू यांना फळभाजीपेक्षा त्रास कमी होतो. सुरुवात त्याने करावी, काकडी-भोपळ्याने नको. आणि जिथे दिवसभर माणसांची जा-ये असते तिथे टोळी कमी थांबते.

दुसरा आक्षेप, थोर माणसाच्या स्मारकात भाजी कशी, तिथे शोभा हवी. त्याला उत्तर सेवाग्रामला आहे. वर्धा जिल्ह्यातल्या त्या गावी गांधीजी १९३६ साली राहायला गेले. मातीची आणि बांबूची बापूकुटी आजही जपलेली आहे, आणि आश्रमाची शेतीही आहे. तिथे शेतीमुळे स्मारकाचा मान कमी झालेला नाही. उलट ज्या माणसाने आयुष्यभर कष्टाचं मोल सांगितलं त्याच्या अंगणात सिमेंट टाकणं, हेच जास्त खटकायला हवं.

तिसरा आक्षेप सगळ्यात खरा. सुरुवातीला पन्नास माणसं येतात, फोटो काढतात, सहा महिन्यांनी तीन उरतात. हे होणारच. म्हणून पूर्ण परस एकदम हातात घेऊ नये. पहिल्या वर्षी एक गुंठा, तोही रोज येणाऱ्या दोन-तीन माणसांच्या नावाने. आणि त्यांना मानधन नसेल तर निघालेल्या मालात ठरलेला वाटा तरी हवा. फुकट राबवून घेतलेला माणूस फार दिवस येत नाही. बहुतेक ठिकाणी ही माणसं म्हणजे बायकाच असतात, तेव्हा बाग समितीच्या अध्यक्षपदी त्यांच्यातलीच असावी. पाणी घालायला सुनंदाबाई आणि सही करायला बापूसाहेब, असं नको.

१ मेच्या ग्रामसभेत विचारायचे पाच प्रश्न

वर्षातून ज्या ग्रामसभा ठरलेल्या असतात त्यात १ मे ची एक. चाकरमानी तेव्हा गावात असतात आणि मिरगाला पाच-सहा आठवडे असतात. ज्या गावात जुन्या घराच्या दुरुस्तीचं काम मंजूर झालंय किंवा होणार आहे, तिथे गावकऱ्यांनी उभं राहून एवढंच विचारावं:

१. अंदाजपत्रकात परिसर सुशोभीकरण म्हणून नेमकं काय लिहिलंय? पेव्हर ब्लॉकचे पैसे विहीर, पन्हळ आणि गडग्याकडे वळवता येतील का?

२. काम संपल्यावर गेटची चावी कुणाकडे राहणार, आणि गेट रोज कोण उघडणार?

३. पाणी रोज कोण घालणार? समिती असं उत्तर नको, माणसांची नावं हवीत.

४. भाजी, फुलं, नारळ निघाले तर ते शाळेला, अंगणवाडीला, राबणाऱ्यांना की विक्रीला? कुणाला किती?

५. वर्षाचा हिशेब कुठल्या ग्रामसभेत वाचला जाणार?

ठराव इतिवृत्तात लिहून घ्यावा आणि त्याची नक्कल मागावी. दुरुस्तीचं काम सुरू व्हायच्या आधी ही उत्तरं मिळाली तर बदल करता येतात. ब्लॉक बसल्यावर ते उखडायला कुणी निधी देत नाही.

घराची चावी बोरिवलीला राहिली तरी चालेल. परसाच्या बेड्याची मात्र गावातच हवी.